मीटर रूममधला कॉलम

एजंटने दार उघडलं आणि सगळ्यात आधी एसी लावला. "वहिनी, बसा दोन मिनिटं, मग घर बघू." मे महिना, स्टेशनपासून चालत आलेलो, चौथा मजला, लिफ्ट नाही. अशा वेळी थंड हवेत बसल्यावर घर आवडायला वेळ लागत नाही.

आणि घर होतंही छान. हॉलभर पीओपीचं छत, त्यात गोल दिवे, एका भिंतीला वॉलपेपर, बाकीच्या तिघींना नुकताच दिलेला रंग. नवरा मान डोलवत होता. मी पडद्यांच्या रंगापर्यंत पोचले होते. पर्समध्ये चेकबुक होतं आणि एजंट टोकनचा आकडा ५१ हजारांवरून ३१ हजारांवर आणायला तयार होता.

सासूबाई मात्र बेडरूममध्ये गेल्या, भिंतीतलं कपाट उघडलं आणि आत डोकं घालून उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "चार-चार डांबरगोळ्या टाकल्यात, तरी वास येतोय." लग्नानंतरची बावीस वर्षं त्यांनी परळच्या चाळीत, वरच्या मजल्यावर काढलेली. ओल डोळ्यांना दिसायच्या आधी त्यांच्या नाकाला कळते.

पीओपीतले ते गोल दिवे स्प्रिंगच्या चिमट्यांवर बसवलेले असतात, हाताने ओढले तरी निघतात. नवऱ्याने स्टुलावर चढून एक दिवा खाली ओढला, त्या भोकातून मोबाइल वर घातला आणि टॉर्च लावून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला. एजंट "अहो साहेब, वायर तुटेल" म्हणेपर्यंत काम झालं होतं. व्हिडिओत पीओपीच्या वरचा खरा स्लॅब दिसत होता. हातभर रुंद पट्ट्यात काँक्रीट खाली गळून पीओपीच्या पाठीवर पडलेलं आणि वर सळया उघड्या, भाजलेल्या कुरडईच्या रंगाच्या.

"ते सगळीकडेच असतं हो," एजंट म्हणाला. यात तो पूर्ण खोटं बोलत नव्हता, हे मला पुढच्या सात महिन्यांत कळलं.

डोंबिवलीत १९८०-९० च्या काळात उभ्या राहिलेल्या इमारतींविषयी इथले जुने लोक एक गोष्ट हमखास सांगतात: खाडीची रेती. खाडी इथून हाकेच्या अंतरावर, रेतीबंदरं जवळ, नदीची रेती लांबून आणायची तर महाग. खाडीची रेती गोड्या पाण्याने नीट धुतली नाही तर तिच्यातलं मीठ काँक्रीटमध्ये जातं. एरवी सिमेंटचा क्षारपणा, म्हणजे आम्लाच्या उलटा गुण, सळईभोवती पातळ संरक्षक थर धरून ठेवतो, त्यामुळे लोखंड काँक्रीटमध्ये वर्षानुवर्षं गंजत नाही. मीठ तो थर फोडतं. मग पाणी आणि हवा मिळाली की गंज सुरू, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. सळई आतून फुगते आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून पाडते. ते पडलेलं तुम्ही प्लास्टरने भरा, त्यावर रंग द्या, त्याखाली पीओपी करा, आतला गंज आपला चालूच राहतो.

मी हिशेबातली बाई. ठाण्याच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. मला बीम (आडवी तुळई) आणि कॉलम (उभा खांब) यांतला फरक तेव्हा सांगता आला नसता. पण त्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओने झोप उडवली. २०१५ च्या जुलैत ठाकुर्लीत एक जुनी इमारत रात्री कोसळली, तेव्हा आम्ही तिथून जवळच भाड्याने राहत होतो. त्या रात्रीच्या रुग्णवाहिकांचे आवाज अजून डोक्यात आहेत.

नवऱ्याचं म्हणणं, मग जुनं बघायचंच कशाला, शिळफाट्याकडे नव्या टॉवरमध्ये घेऊ. नव्या घराला रेरा कायद्याच्या कलम १४ चं कवच असतं: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा. बरोबर आहे. पण नवं म्हणजे निर्धास्त, हेही खरं नाही. महाडमध्ये ऑगस्ट २०२० ला पडलेली इमारत दहा वर्षांचीही नव्हती. शिवाय आमचं बजेट ४५ लाखांचं, मुलीची शाळा टिळकनगरला आणि सासूबाईंना गणपती मंदिरापर्यंत चालत जाता यायला हवं. तेव्हा जुनंच, पूर्वेलाच, पण बघून.

दुसरं घर आम्ही पश्चिमेला पाहिलं, खाडीच्या बाजूला, तळमजल्यावर. एजंटचा हट्ट म्हणून. तिथे फार वेळ गेला नाही. बेडरूमचं दार लावताना वरच्या कोपऱ्यात रंधा मारून तासलेलं दिसलं. दाराची वरची कड तिरकी. चौकट आधी वाकडी झाली आणि मग दाराला तिच्या मापाचं केलं, असं ते प्रकरण होतं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक तडा पायऱ्या-पायऱ्यांनी जमिनीकडे उतरत होता, विटांच्या सांध्यासांध्यांतून. मालकांनी सांगितलं, "आमच्या वडिलांच्या डोळ्यांसमोर इथे भराव टाकला होता." त्यांनी ते कौतुकाने सांगितलं. भरावाची जमीन एकसारखी बसत नाही, एक बाजू खचते, दुसरी तग धरते, आणि मधली भिंत अशी फाटते. आम्ही चहा घेऊन निघालो.

तिसऱ्या घराची गोष्ट वेगळी, कारण ते घर मी न बघताच नाकारलं.

झालं असं की एव्हाना मला एक गोष्ट खटकायला लागली होती. आम्ही चारशे-साडेचारशे चौरस फुटांच्या आत सगळं शोधत होतो, आणि ज्याच्यावर ते चारशे चौरस फूट उभे आहेत ते मात्र बाहेर होतं: पार्किंगमध्ये, गच्चीवर, डक्टमध्ये (पाइपांच्या बोळात), शेजाऱ्याच्या बाथरूममध्ये. तिथे एजंट नेत नाही. मग मी मला येतं ते केलं. विकणाऱ्या बाईंना विनंती केली की सोसायटीचे गेल्या सात-आठ वर्षांचे वार्षिक अहवाल आणि ताळेबंद मिळतील का. आपण सभासद नसल्याने सोसायटी आपल्याला काही दाखवायला बांधील नसते. सभासद मात्र सहकार कायद्यानुसार मागू शकतो, आणि बहुतेकांच्या घरी ते अहवाल जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यात पडलेले असतातच. त्या बाईंनी पिशवीभर कागद दिले.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर ते मांडले. 'गच्ची वॉटरप्रूफिंग' हा खर्च सात वर्षांत तीनदा. तीन वेगळे कॉन्ट्रॅक्टर. फोन करून विचारलं, आधीचा कोबा, म्हणजे विटांचे तुकडे घालून केलेला थर, काढून नवा केला होता का? "नाही हो, काढायचा खर्च केवढा! वरूनच केला." ब्रिकबॅट कोबा चार इंचांचा धरला तरी एका चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास वजन होतं. अडीचशे चौरस मीटरची गच्ची म्हणजे एका थराचे पन्नास टन. असे तीन थर नवे आणि मुळातला एक, म्हणजे सगळे मिळून दोनशे टन, तेही गळणाऱ्या स्लॅबच्या डोक्यावर. त्याच ताळेबंदात उत्पन्नाच्या बाजूला 'मोबाइल टॉवर भाडे' अशी घसघशीत ओळ. गच्चीवर आणखी टॉवर, त्याच्या बॅटऱ्या आणि त्याचा चौथरा. आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीची राखीव ठेव? उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, घराच्या बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्का दरवर्षी त्यात जमा व्हायला हवा, दुरुस्तीसाठी पाऊण टक्का वेगळा. इथे सिंकिंग फंडातून २०१९ मध्ये गेट आणि पेव्हर ब्लॉक बसवले होते.

नवरा म्हणाला, "घर तरी बघून येऊ." मी नाही गेले. माझा हा आततायीपणा असेलही. पण जी सोसायटी गळणारं छत न उघडता त्यावर तीनदा पैसे ओतते आणि ठेवीतून फरश्या बसवते, तिच्या खांबांकडे कुणी बघितलं असेल, यावर माझा विश्वास बसेना.

चौथं घर जुलैत सापडलं. तोवर पाऊस धो-धो, आणि मी ठरवलंच होतं की यापुढे घर बघायचं ते पावसातच. १९९४ ची इमारत, खाली पार्किंग, वर चार मजले, चोवीस घरं. दुसरा मजला, मागची बाजू. मालक बदलीमुळे नाशिकला गेलेले, घर वर्षभर बंद. अपेक्षा ४७ लाखांची.

घर दिसायला अगदी सुमार. पिवळट चुना, किचनच्या ओट्याखाली झुरळं, हॉलच्या एका भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर ओलीने येणारा लोणा फुललेला, पांढऱ्या केसाळ भुकटीसारखा. नवऱ्याने दारातच माझ्याकडे 'चल' अशा नजरेने पाहिलं. पण या इमारतीच्या सेक्रेटरींनी, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आम्ही काही मागायच्या आधीच विचारलं, "ऑडिट रिपोर्ट बघायचाय का?"

आदर्श उपविधींत लिहिलेलं आहे की १५ ते ३० वर्षांच्या इमारतीने दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीने दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याची तपासणी, करायचं. तिशी उलटलेल्या इमारतीला महापालिकेकडेही तपासणीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. लिहिलेलं आहे हे खरं. पण आम्ही पाहिलेल्या इमारतींपैकी ऑडिट केलेली ही एकच. २०२३ चा चाळीस पानी रिपोर्ट, फोटोंसकट, स्पायरल बाइंडिंग केलेला. शेवटच्या पानावर वर्ग लिहिला होता: सी-२ बी.

ही भानगड मला नवीन होती, तर सेक्रेटरींनीच समजावली. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे माणसं राहत असतानाच संरचनात्मक दुरुस्ती करता येईल अशी. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. "आमची दुरुस्ती बाकी आहे. अंदाजपत्रक ३८ लाखांचं आहे. घरटी ४० हजार गोळा झालेत," असं म्हणून त्यांनी फाइल मिटली. मी मनात भागाकार केला. चोवीस घरांवर एका घराला १ लाख ५८ हजार. म्हणजे अजून १ लाख १८ हजारांची हाक यायची होती. एजंट मागे उभा राहून सेक्रेटरींकडे, याला आता गप्प कसं करू, अशा चेहऱ्याने बघत होता.

घरी आल्यावर भांडण झालं. नवरा म्हणाला, "रिपोर्टवर दुखणं लिहिलेलं घर कोण विकत घेतं?" मी म्हटलं, "ज्यांच्याकडे रिपोर्टच नाही त्यांची दुखणी तू दिव्याच्या भोकातून बघितली आहेस." सासूबाई मटार सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवा की."

डॉक्टर म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर. ओळखीतून एका मॅडमचं नाव मिळालं, पन्नाशीच्या, बोलायला तुटक. नुसतं पाहून लेखी मत द्यायचे आठ हजार, चाचण्या लागल्या तर वेगळे. मालकाची आणि सोसायटीची परवानगी आधी आणा, म्हणाल्या. अनेक सोसायट्या इथेच अडून बसतात असं कळलं. इथे सेक्रेटरींनी उलट चाव्यांचा जुडगाच आणला.

मॅडम आल्या, छत्री मिटली आणि आमच्या घराकडे ढुंकूनही न बघता पार्किंगमध्ये गेल्या. हातात लहानशी हातोडी आणि मोठा टॉर्च. प्रत्येक कॉलमवर खालपासून डोक्याच्या उंचीपर्यंत हातोडी टकटक वाजवत जायच्या. भरीव कॉलम खणखणीत बोलतो, पोकळ झालेलं प्लास्टर बद-बद बोलतं. तिसऱ्या कॉलमनंतर तो फरक मलासुद्धा कळायला लागला. मधूनच वर बघत म्हणाल्या, "हे खुलं पार्किंगच मुळात कच्चा दुवा. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती, त्यामुळे ते ताठ; खाली नुसते खांब, ते लवचीक. भूकंपात सगळा झोल इथे येतो. २००१ साली भूजच्या भूकंपात लांब अहमदाबादेतल्या पार्किंगवाल्या इमारती अशाच बसल्या. निदान इथे कुणी खांबांत गाळे काढण्यासाठी तोडफोड केली नाही ना, ते बघू." त्या तेच बघत होत्या: कुठे कॉलम छाटलाय का, बीममधून पाइप नेलाय का. २०१७ साली घाटकोपरला इमारत पडून १७ माणसं गेली, त्यात तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांचाच ठपका होता. आपल्या घराला नवा रंग असो की जुना, तळमजल्याचा दुकानदार काय तोडतोय यावर आपला जीव असतो.

मग त्यांनी मीटर रूमचं पत्र्याचं दार उघडायला लावलं. आत चोवीस मीटर, जुने झाडू, कुणाची तरी मोडकी सायकल, आणि मागच्या कोपऱ्यात एक कॉलम. टॉर्च मारला तर त्याच्या कडेने उभी, सरळ रेघ ओढल्यासारखी भेग, वरपासून खालपर्यंत, आणि भेगेच्या तोंडाशी तपकिरी ओघळ.

"ही बघा. सळईच्या रेघेने जाते ती भेग गंजाची." त्यांनी हातोडीचं टोक लावलं आणि पोळपाटाएवढं प्लास्टर माझ्या चपलेवर आलं.

त्यानंतरच्या तासाभरात त्यांनी मला भेगा वाचायला शिकवल्या, म्हणजे निदान अक्षरओळख करून दिली. जिन्यातल्या भिंतीवर जाळीसारख्या बारीक रेषा: प्लास्टर सुकताना आकसलं, सोडून द्या. बीमच्या खाली वीटकाम जिथे संपतं तिथली आडवी चीर: वीट आणि काँक्रीट उन्हात वेगवेगळं फुगतात, दोघांच्या सांध्यावर ती येणारच. चौथ्या मजल्यावर छताखाली सगळीकडून फिरणारी आडवी चीर: गच्चीचा स्लॅब तापून सरकतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी आणि एका टोकाला रुंद होत जाणारी भेग दिसली की मात्र थांबायचं, पाया बघायचा. इथे ती नव्हती. त्यांनी सेक्रेटरींना पाया कशावर आहे विचारलं. मूळ नकाशांच्या गुंडाळीत पाया मुरुमाच्या खाली खडकापर्यंत नेल्याची नोंद निघाली. ती गुंडाळी तीस वर्षं जपून ठेवली होती, याचंच त्यांना जास्त अप्रूप वाटलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या जिन्याच्या बीमवर एक भेग होती आणि तिच्या टोकाशी पेन्सिलीची बारीक आडवी रेघ. शेजारी तारीख: १२.६.१९. तिथून बोटभर पुढे दुसरी रेघ: ३.८.२१. भेग त्या दुसऱ्या रेघेवर येऊन थांबली होती. मॅडमनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली. "हे कुणी केलं?" तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहायचे, आता मुलाकडे पुण्याला गेले, ते करायचे म्हणे. २०२१ च्या दिवाळीत डक्टमधला सांडपाण्याचा पाइप बदलला. त्यानंतर भेग पुढे सरकलेली नाही. "पाच वर्षांचा रिपोर्ट लिहून ठेवलाय माणसाने, फुकट," मॅडम म्हणाल्या, आणि मोबाइलवर फोटो काढला. मीटर रूममधल्या कॉलमचं कारणही तोच पाइप होता. त्याचा सांधा वर्षानुवर्षं गळत होता आणि पाणी कॉलमवरून उतरत होतं. पत्र्याचं दार बंद, हवा नाही, तिथे बघायला कोण जातं? मीटर रीडिंगवाला फक्त आकडे बघतो.

गच्ची, टाकी, मग तिसऱ्या मजल्यावर आमच्या बरोबर वरच्या घरातली बाथरूम, मग पहिल्या मजल्यावर आमच्या खालच्या घराचं छत. हे शेवटचं मला आधी सुचलंच नव्हतं: आपल्या बाथरूमचा स्लॅब आपल्याला दिसत नाही, तो खालच्या माणसाला दिसतो. खालच्या काकूंनी दार उघडून आधी, "तुम्ही घेताय का ते घर? मग आमची नहाणी गळते ती आधी बंद करा," असं सुनावलं आणि मग आत घेतलं. त्यांच्या बाथरूमच्या छताला तळहाताएवढा ओला डाग होता. सळई दिसत नव्हती, हातोडीचा आवाज भरीव. नहाणी ट्रॅपचा (पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा, काम दोन दिवसांचं.

सगळ्यात शेवटी आमचं घर, जेमतेम वीस मिनिटं. भिंतीवरच्या ज्या लोण्याला नवरा भ्यालेला, त्याला त्यांनी नखाने खरवडलं आणि म्हणाल्या, ही विटांची भिंत आहे, पलीकडे किचनच्या नळाची लाइन असणार. लाइन बदला, प्लास्टर बदला. ही भिंत कुणाचं वजन घेत नाही.

चाचण्या करायच्या ठरल्या. त्यांचे बावीस हजार, त्यातले निम्मे सोसायटीने दिले, कारण त्यांनाही ताजे आकडे हवे होते. एका शनिवारी मॅडमची दोन पोरं यंत्रं घेऊन आली. मला सगळ्यात आवडली ती गुलाबी रंगाची चाचणी. कॉलमचा थोडा भाग छिन्नीने फोडायचा आणि ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिन फवारायचं. जिथे काँक्रीटचा क्षारपणा शाबूत आहे तिथे ते झर्रकन गडद गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो खाल्लाय तिथे रंगच येत नाही. पार्किंगमधल्या कॉलमांना बाहेरून दीड सेंटिमीटरपर्यंत रंग नव्हता, पुढे गुलाबी. सळया अडीच सेंटिमीटरवर होत्या, म्हणजे अजून गुलाबी भागात, सुरक्षित. मीटर रूमच्या कॉलमला साडेतीन सेंटिमीटरपर्यंत फोडलं तरी राखाडीच.

ध्वनिलहरींच्या चाचणीत, काँक्रीटमधून लहर सेकंदाला किती वेगाने जाते ते मोजतात. भारतीय मानकाच्या जुन्या मोजपट्टीप्रमाणे साडेतीन किलोमीटरच्या वर म्हणजे चांगलं, तीन ते साडेतीन मध्यम, तीनच्या खाली शंकास्पद. पार्किंगमधले कॉलम ३.४ ते ३.७ निघाले. मीटर रूमचा २.७. गंजाची शक्यता मोजणाऱ्या यंत्राचा आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेला की आत गंज चालू असल्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त मानतात. त्या कॉलमचा उणे ३८० होता, बाकीचे उणे २१० ते २८० च्या दरम्यान. काँक्रीटवर आपटून उसळी मोजणाऱ्या स्प्रिंगच्या हातोडीचे आकडे मात्र सगळीकडे छान आले, मीटर रूममध्येसुद्धा. मी खूश झाले तर मॅडम म्हणाल्या, त्यावर जाऊ नका. कार्बन डायऑक्साइड खाल्लेल्या काँक्रीटची कातडी उलट कडक होते, हातोडी तिथे फसते. नुसती ती एक चाचणी करून 'काँक्रीट उत्तम' असा रिपोर्ट देणारेही असतात म्हणे.

खाडीच्या रेतीचा प्रश्न मी लावून धरला होता, कारण गुलाबी रंग मिठाबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी कॉलमला भोक पाडून निघालेला भुगा प्रयोगशाळेत पाठवला. घनमीटरला ०.४ किलो क्लोराइड आलं. भारतीय मानकाची मर्यादा ०.६ आहे. म्हणजे मीठ आहे, पण मर्यादेत. त्या दिवशी मला पगारवाढीच्या पत्रापेक्षा जास्त आनंद झाला.

लेखी मत दोन पानांचं आलं. एक कॉलम वाईट, तीन बीमची कामं, गच्ची आणि छज्जे, बाकी सांगाडा ठीक, ऑडिटशी सहमत, दुरुस्ती लांबवू नये. 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असं त्यात कुठेच नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "तो माझा विषय नाही. तुमच्या सेक्रेटरींची तब्येत सांभाळा."

बँकेचा माणूसही येऊन गेला. वीस मिनिटं, मोबाइलवर चार फोटो, इमारतीचं वय आणि आमच्या कर्जाची मुदत यांची बेरीज-वजाबाकी. तो पार्किंगमध्ये स्कूटर लावून थेट वर आला आणि थेट खाली गेला. त्याचा रिपोर्ट बँकेसाठी असतो, मला तो दाखवलाही नाही. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे इमारत तपासली गेली, असं आमच्या ऑफिसात निम्मे लोक समजतात. कागदपत्रांची बाजू आम्ही वकिलांकडून वेगळी तपासली: भोगवटा प्रमाणपत्र, इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट. तेव्हा डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या ६५ इमारतींचं प्रकरण पेटलेलं होतं, रोज पेपरात. त्यामुळे वकीलही खडूसपणे प्रत्येक शिक्क्यावर बोट ठेवत होते.

मालकांशी बोलणी फोनवरच झाली. मी त्यांना मॅडमचं मत, चाचण्यांचे आकडे आणि माझा तक्ता पाठवला: पुढची वर्गणी १ लाख १८ हजार, नहाणी ट्रॅप, नळाची लाइन, प्लास्टर. ते चिडले नाहीत; नाशिकला त्यांनी नवं घर बुक केलं होतं आणि पैसे हवे होते. ४५ लाख २५ हजारांवर थांबलो. करारनाम्यात आम्ही एक ओळ घालून घेतली की करारापर्यंत सोसायटीने मागितलेली प्रत्येक रक्कम त्यांची, पुढची आमची. एजंट मात्र शेवटपर्यंत नाराज होता. त्याचं म्हणणं, एवढी तपासणी लोक मुलाच्या लग्नातसुद्धा करत नाहीत.

डिसेंबरात राहायला आलो. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सगळी कपाटं उघडून आत डोकं घातलं. वास फक्त झुरळांच्या औषधाचा.

जानेवारीत इमारतीची दुरुस्ती सुरू झाली आणि मी नवी सभासद म्हणून दुरुस्ती समितीत ओढली गेले, बिलं तपासायला. मीटर रूमच्या कॉलमला हात लावायच्या आधी आजूबाजूच्या बीमना लोखंडी टेकू दिले, आठवडाभर पार्किंग बंद. मग मिस्त्रीने कॉलम फोडायला घेतला आणि मला हाक मारली, "ताई, बघायचंय ना?" आठ सळया होत्या. पाच बऱ्या, नुसत्या वरून गंजलेल्या. एक निम्मी झालेली. दोन इतक्या बारीक, की मिस्त्रीने त्यातली एक चिमटीत धरून वाकवून दाखवली. सगळ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगा खालच्या दोन फुटांत शिल्लकच नव्हत्या, त्यांच्या जागी काँक्रीटवर तपकिरी ठसे उरले होते. मॅडमनी तिथेच उभं राहून नव्या सळयांची यादी वाढवली, अंदाजपत्रक ६५ हजारांनी चढलं आणि सभेत त्यावरून दोन तास आरडाओरडा झाला.

आता त्या कॉलमभोवती चारी बाजूंनी तीन-तीन इंच मायक्रोकाँक्रीटचं (बारीक खडीच्या काँक्रीटचं) जॅकेट चढलंय. त्यामुळे मीटर रूमचं दार पूर्ण उघडत नाही. रीडिंग घ्यायला येणारा माणूस बॅग बाहेर काढून ठेवतो आणि आडवा होऊन आत शिरतो.